गाडी आमची, चावी त्यांची

गणपतीत आरत्यांना घरोघर हिंडताना मला किमान नऊ जणांनी एकच प्रश्न विचारला, "काय रे, आप्पांची गाडी झाली का नीट?" झाली. पण "झाली" एवढ्या एका शब्दात ते संपत नाही, आणि सविस्तर सांगायला लागलो की माझा आवाज चढतो. मग समोरचा "बरं बरं, मोदक घे" म्हणून विषय बदलतो. इथे तसं कुणी करू शकत नाही. :) तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डहाणू रोड स्टेशनकडून चारोटीला निघालं की वाटेत आमचं आशागड लागतं. आई-आप्पा तिथेच असतात. आप्पांचा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला. ऑपरेशन छान झालं, पण चिखलातून, खड्ड्यांतून शंभर वेळा क्लच दाबायचा म्हटलं की पाय कुरकुरायचा. म्हणून गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. एका कंपनीवर राग काढून विषय संपत नाही, आणि माझा मुद्दाही तो नाही.

त्या गाडीने आप्पांना त्यांचं जुनं आयुष्य परत दिलं. सकाळी वाडीवर चक्कर, आईला दवाखाना, आम्ही आलो की स्टेशनवर हजर. "मी येतो घ्यायला" हे वाक्य म्हणता येणं त्यांच्यासाठी किती मोठी गोष्ट होती, हे गाडी बंद पडल्यावर कळलं.

तर झालं असं. जुलैत चार दिवस धो धो पाऊस लागला होता. आई-आप्पा कासाहून परत येत होते. आशागडच्या अलीकडे गाडीने एक हिसका दिला, समोरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकून बंद पडली. रस्त्यावरची चार पोरं ढकलायला आली, पण गाडी जागची हलेना. इंजिन बंद आणि गिअर, क्लच दोन्ही धरलेले, मग चाकं फिरणार कशी? शेवटी ओळखीच्या क्रेनवाल्याने पुढची चाकं उचलून ती आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात आणून सोडली. आप्पा भिजलेले, आई गप्प.

आमचे मिस्त्री म्हणजे तीसेक वर्षं हाच धंदा केलेला माणूस. डिझेल जीपपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. आता गॅरेजात स्कॅनर आहे, आणि तो चालवायला आयटीआय झालेला एक वारली पोरगा आहे. मिस्त्रींना स्कॅनरचा पडदा चष्म्याशिवाय दिसत नाही, पोराला इंजिनाच्या आवाजावरून अजून सगळं कळत नाही. दोघं मिळून एक उत्तम मेकॅनिक होतो.

त्यांनी काय केलं ते मी मुद्दाम क्रमाने सांगतो, कारण "गॅरेजवाले नुसता अंदाज मारतात" असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. आधी बॅटरीचा दाब बघितला; अशा गाड्यांत व्होल्टेज पडलं की गिअर वेड्यासारखे वागतात. मग अर्थिंगची वायर. मग फ्यूज आणि रिले. मग स्कॅनर लावला. कोड आला यू ०१०१. पोराने लगेच सांगितलं, "गिअरचा मॉड्यूल बोलत नाही. बाकीचे सगळे बोलतात, तो एकटा गप्प आहे."

हा मॉड्यूल म्हणजे काय, ते दोन मिनिटं समजून घ्या. आमच्या गाडीत जी व्यवस्था आहे तिला एएमटी म्हणतात. भारतात ती लोकांच्या ओळखीची झाली २०१४ च्या फेब्रुवारीत आलेल्या सेलेरियोमुळे. (आमची गाडी ती नव्हे.) त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती आणली, कारण ती स्वस्त पडते. आत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लचही नेहमीचाच. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम यंत्र करतं. आमच्या गाडीत ते तेलाच्या दाबावर चालतं: एक छोटा पंप, काही व्हॉल्व्ह आणि क्लच-गिअर सरकवणारे दांडे. आणि या सगळ्यांना कधी काय करायचं ते सांगणारा एक डबा. इंजिन किती फिरतंय, क्लच कुठवर आलाय, पायाने ब्रेक दाबलाय का, हे तो डबा सतत वाचतो आणि हुकूम सोडतो. तो गप्प झाला की गाडीला डावा पाय आणि डावा हात उरत नाही. आप्पांच्या भाषेत, "गाडीचाच गुडघा गेला."

डबा काढायचं काम मी घड्याळ लावून पाहिलं. बॅटरीचा निगेटिव्ह काढला. पाच मिनिटं थांबले, म्हणजे आत राहिलेला करंट उतरतो. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. कपलरची खिट्टी मागे ओढून कपलर सोडवला. दहा नंबरच्या गोटी पान्याने तीन बोल्ट काढले. डबा हातात. सगळं मिळून वीस मिनिटं, त्यातली पाच वाट बघण्यात गेली.

कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. पाणी शिरलं होतं. पोराने पिना साफ केल्या, डबा परत बसवला, आणि गाडी चालू झाली! आप्पांनी लगेच पेढे वाटायचं तेवढं ठेवलं होतं. तीन दिवस चालली आणि चौथ्या दिवशी पुन्हा तोच हिसका, तोच लुकलुकणारा आकडा. पाणी डब्याच्या आतही गेलं होतं. आत पट्टीवर रबरासारखा मसाला ओतून सगळं बंद केलेलं असतं, त्यामुळे उघडून टाका मारायची सोय नाही. मिस्त्री म्हणाले, "आप्पा, डबा बदलायला लागेल."

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पाऊस पडतो, पाणी शिरतं, वस्तू खराब होते. बदलायची म्हणजे पैसे लागणार. खरी गंमत यापुढे आहे.

मिस्त्रींनी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून अगदी त्याच पार्ट नंबरचा डबा मागवला, अपघातात गेलेल्या गाडीचा, चालू स्थितीतला. पोराने बसवला. कपलर लागला, तीन बोल्ट लागले, स्कॅनरला डबा दिसायलाही लागला. पण गाडी चालू होईना. का? तर त्या डब्याच्या पोटात त्याच्या जुन्या गाडीचा चासी नंबर लिहिलेला. आमची गाडी म्हणाली, हा आमच्यातला नाही.

मग तो नंबर बदलून घ्या, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पोराने स्कॅनरवर प्रयत्न केला तर उत्तर आलं की परवानगी नाही. हे कसं चालतं ते त्यानेच मला समजावलं. स्कॅनरने डब्याला "मला आत लिहायचंय" असं सांगितलं की डबा एक आकडा देतो. त्या आकड्यावर एक गुप्त हिशेब करून स्कॅनरने दुसरा आकडा परत द्यायचा. बरोबर आला तर कुलूप उघडतं. तो हिशेब कंपनीकडे. आशागडला नाही, डहाणूला नाही, गाडीच्या मालकाकडे तर नाहीच नाही.

आणि नंबर बदलूनही भागत नाही. नव्या डब्याला शिकवावं लागतं. क्लच किती सरकला की धरायला लागतो (त्याला मेकॅनिक मंडळी किस पॉइंट म्हणतात) आणि प्रत्येक गिअर नेमका कुठे बसतो. प्रत्येक गाडीत हे थोडं वेगळं असतं, क्लच प्लेट झिजेल तसं बदलतंही. ही शिकवणी डबा स्वतःच घेतो, दोन-चार मिनिटांत. फक्त "घे" असा हुकूम द्यावा लागतो, आणि तो हुकूमही त्याच कुलपाच्या आत.

बरं, जुना नको तर नवा डबा विकत आणू, म्हणून आप्पांनी सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या काउंटरला फोन केला. उत्तर मिळालं, "हा पार्ट काउंटरवर मिळत नाही. गाडी घेऊन या." गाडी घेऊन या! जी गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकलीय ती. पुन्हा क्रेन, पुन्हा पुढची चाकं वर, आणि महामार्गाने वरात. तिथे पोचल्यावर कळलं की डबा मागवावा लागेल. एकूण एकोणीस दिवस गेले. जॉबकार्डावर सुरुवातीलाच लिहिलं होतं: "बाहेर काम केल्याचे आढळले." जणू काही पिना साफ करणं हा गुन्हा.

गाडी घ्यायला मी आप्पांबरोबर गेलो होतो. काचेपलीकडून काम बघायची परवानगी होती. तिथला तंत्रज्ञ पंचविशीचा असेल, तलासरीकडचा. त्याने निगेटिव्ह काढला, थांबला, खिट्टी ओढली, दहा नंबरचा गोटी पाना लावला. आमच्या पोराने जे केलं होतं तेच, त्याच क्रमाने. मग लॅपटॉप जोडला, लॉगिन केलं, आणि पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. झालं. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "आत नेमकं काय लिहिलं जातं?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही माहीत सर. सर्व्हरवरून येतं."

त्या उत्तराने मी बराच वेळ अस्वस्थ होतो. आतापर्यंत माझी समजूत होती की कंपनीच्या माणसाला जास्त येतं आणि आमच्या मिस्त्रींना कमी, आणि त्या जास्तीच्या ज्ञानाचे आपण पैसे मोजतो. इथे तर दोन्ही पोरं सारखीच हुशार, दोघांचे हात सारखेच सफाईदार, आणि आत काय चाललंय हे दोघांनाही सारखंच माहीत नाही. फरक एका लॉगिनचा. एकाला ते दिलंय आणि एकाला नाकारलंय. बिलावर तीन ओळी होत्या: पार्ट, मजुरी, प्रोग्रामिंग. पहिल्या दोन मला मान्य आहेत. तिसरी ओळ म्हणजे आपलीच वस्तू वापरण्याच्या परवानगीचं भाडं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण गणपतीत सगळे ऐकून झालेत.

पहिला आक्षेप आमच्या काकांचा. "अरे, ही कुलपं चोरीसाठी असतात. उद्या कुणीही डबा बदलून गाडी पळवेल." मुद्दा बरोबर आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण चोरीची भीती म्हणून सगळ्यांनाच बाहेर ठेवायचं, हा एकच उपाय आहे का? अमेरिकेत चोरीशी संबंधित कामांसाठी स्वतंत्र कुलूपवाल्यांची आणि मेकॅनिकांची नोंदणी होते, त्यांची तपासणी होते, आणि मग त्यांना ते कोड मिळतात. कुणी कधी कुठल्या गाडीसाठी घेतला त्याची नोंद राहते. युरोपातही सर्मी नावाची अशीच व्यवस्था आहे. आपल्याकडे गॅस सिलिंडरपासून सिमकार्डापर्यंत प्रत्येक गोष्टीला ओळखपत्र लागतं. तसं मिस्त्रींचंही घ्या. मालकाचं आरसी बुक घ्या. आणि कोड द्या. शिवाय चोरीच एवढी मोठी चिंता असेल, तर क्लचचा किस पॉइंट शिकवायलाही कुलूप कशासाठी? किस पॉइंट शिकवून आजवर कुणी गाडी पळवल्याचं ऐकलंय का?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. "गिअर चुकीचा पडला, अपघात झाला, तर जबाबदार कोण?" अहो, आमच्या मिस्त्रींनी आजवर हजारो ब्रेक खोलून बसवलेत. ब्रेकपेक्षा जीवघेणा भाग गाडीत दुसरा नाही, आणि त्याला असं कुलूप सहसा नसतं. उलट सांगतो: मॅन्युअल नाही, वायरिंगचा नकाशा नाही, शिकवणीचा हुकूम नाही, अशा अवस्थेत मेकॅनिक जुगाड करतो, आणि जुगाड धोक्याचा असतो. सुरक्षा हवी असेल तर त्याच्या हातात बरोबर माहिती द्यायला हवी.

तिसरा आक्षेप आमच्या ताईचा, आणि तो सगळ्यात टोकदार. "गॅरेजवाल्यांनी कमी गाड्यांची वाट लावलीय का? डुप्लिकेट पार्ट टाकतात, वर जास्त पैसे घेतात." खरं आहे. मलाही तसे भेटलेत. आमच्या मिस्त्रींनीसुद्धा एकदा जीपचा रेडिएटर चुकीचा जोडून आम्हाला वाटेत उभं केलं होतं, ते घरात अजून निघतं. पण वाईट गॅरेजवाल्याला मी सोडून जाऊ शकतो. त्याच रस्त्यावर दुसरा आहे. या डब्याच्या बाबतीत मला जायला दुसरी जागाच ठेवलेली नाही. कामाचा दर्जा, किंमत, वेळ, तिन्हींवर माझा काही इलाज नाही, कारण मी पाठ फिरवून कुठे जाणार?

हे नेमकं हेच दुखणं पूर्वी सरकारदरबारी पोचलं होतं, आणि ते फारशा लोकांना ठाऊक नाही म्हणून सांगतो. २०११ मध्ये शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, अशी. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड केला. आयोगाचं म्हणणं साधं होतं. गाडी घेताना बाजारात दहा पर्याय असतील, पण एकदा ती घेतली की तिच्या सुट्या भागांपुरती तीच कंपनी मक्तेदार असते. तेव्हा भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना उपलब्ध करून द्या, भागांच्या किमती जाहीर करा, आणि बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने सांगितलं. पुढे प्रकरण अपिलांत आणि न्यायालयांत गेलं. आणि आमच्या जॉबकार्डावर "बाहेर काम केल्याचे आढळले" हे वाक्य आजही लिहिलं गेलं.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवायला समिती नेमली. तिच्यापुढे चार क्षेत्रं होती: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टलही सुरू झालं. चांगलं पाऊल आहे, नावं ठेवत नाही. पण ग्राहकाला हात धरून मागता येईल असा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. कस्टमर केअरचा नंबर मिळाला म्हणजे कुलपाची किल्ली मिळाली असं होत नाही.

बाहेर हे जमलंय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी थेट मतदान करून वाहन दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. २०२० मध्ये, गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीसाठी, पुन्हा दिला. युरोपात बाहेरच्या गॅरेजला कंपनीची दुरुस्तीची माहिती पैसे भरून घेता येते, अगदी तासाच्या किंवा दिवसाच्या भाड्याने. हे मला फार आवडलं. फुकट कोण मागतंय? आमचे मिस्त्री त्या दिवसाचे पैसे भरतील, आप्पांकडून घेतील, आणि कंपनीलाही तिचा वाटा मिळेल. म्हणजे पैशाचाच प्रश्न असता तर तो केव्हाच सुटला असता. त्यांना गिऱ्हाईक बांधून ठेवायचंय.

आता थोडं आमच्या भागाविषयी. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरला आणि इथे उद्योगांवर बंधनं आली. मी त्या बंधनांच्या बाजूचा आहे. इथली झाडं आणि खाड्या राहिल्या त्यात त्या बंधनांचा वाटा आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की इथल्या पोरांना मोठ्या कारखान्यांची वाट बघत बसता येत नाही. त्यांच्यासाठी गॅरेज, पंप दुरुस्ती, वायरिंग, अशी हातातली कामंच आधार असतात. आणि "गावातल्या पोरांना नाजूक काम जमणार नाही" असं कुणी म्हणत असेल, तर त्याने वाणगाव-चिंचणीकडे जाऊन दागिन्यांच्या डाय कोरणारे हात बघावेत. केसाएवढी रेघ चुकली तर सगळी मेहनत वाया जाते, असं ते काम आहे.

गाड्यांतले डबे दरवर्षी वाढताहेत. आज गिअरचा, उद्या ब्रेकचा, परवा दिव्यांचा. प्रत्येक डब्याबरोबर एक काम आशागडच्या गॅरेजातून उठतं आणि महामार्गावरच्या काचेच्या इमारतीत जातं. आपल्या पोराने कितीही शिकलं तरी ते काम परत येत नाही, कारण ते त्याला येत नाही म्हणून गेलेलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. हे सगळं मी मिस्त्रींना तावातावाने सांगत होतो तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "आमच्या उस्तादाने पण आम्हाला कार्बुरेटर लावताना तोंड फिरवायला सांगितलं होतं. पाच वर्षं स्क्रू किती फिरवायचा ते दाखवलं नाही." म्हणजे विद्या मुठीत ठेवण्याची खोड कंपन्यांनी शोधून काढलेली नाही, ती आपल्यातही मुरलेली आहे. पण उस्तादाची मूठ चोरून बघता यायची, आणि मिस्त्रींनी ती चोरून बघितलीच. सर्व्हरकडे कुठून डोकावणार? आणि दुसरं, मिस्त्री आपल्या पोऱ्याला तोंड फिरवायला सांगत नाहीत. मी बघतोय, ते त्याला सगळं दाखवतात.

आणि आपलं काय? आपण गाडी घेताना मायलेज विचारतो, रंग बघतो, टचस्क्रीन किती इंची ते मोजतो. पिठाची गिरणी घेतानासुद्धा माझा मामा "बिघडली तर दुरुस्त कोण करणार?" हे आधी विचारायचा. कित्येक पटींनी महाग गाडी घेताना आम्ही कुणीच ते विचारलं नाही. मीही नाही. ही चूक माझी आहे, आणि म्हणून हा एवढा प्रपंच.

माझं मागणं तीन ओळींचं आहे. एक, दुरुस्तीचं पुस्तक आणि वायरिंगचा नकाशा पैसे देऊन का होईना कुणालाही मिळावा. दोन, प्रत्येक सुटा भाग काउंटरवर मिळावा. तीन, डबा बदलल्यावर तो गाडीशी जोडायची आणि शिकवायची सोय नोंदणी केलेल्या कुठल्याही मेकॅनिकला रोजच्या भाड्याने मिळावी. चोरीचा धोका असेल तिथे मालकाची कागदपत्रं तपासून. यात कंपनीचं दिवाळं निघेल असं एकही कलम नाही.

त्या एकोणीस दिवसांत आप्पा फारसे बाहेर पडले नाहीत. टमटमची पायरी त्यांना चढवत नाही, आणि कुणाला "मला सोड रे" म्हणायची सवय नाही. एका संध्याकाळी फोनवर म्हणाले, "विकून टाकू या गाडी. मला आता कुठे जायचंय?" गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही ते असं बोलले नव्हते. मला राग आला तो त्या वाक्याचा. गाडी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मला घ्यायला स्टेशनवर हजर होते, छत्री घेऊन, आणि विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. पण पुढचा पावसाळा येणारच आहे.

जाता जाता. आमचा एक मावसभाऊ दसऱ्याला ऑटोमॅटिक गाडी घेतोय. त्याला मी एक चिठ्ठी लिहून दिलीय, शोरूममध्ये सही करायच्या आधी विचारायला. गिअरचा कंट्रोल मॉड्यूल गेला तर तो काउंटरवर मिळेल का? बाहेरच्या मेकॅनिकने बसवला तर गाडीशी कोण जोडून देईल, किती दिवसांत, किती पैशांत? आणि हे लिहून द्याल का? सेल्समन बहुधा गोंधळेल, मॅनेजरला बोलवेल. बोलवू दे. तुम्हीही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर निदान मॅनेजरला तरी उत्तर शोधावं लागेल.

आणि कुणाला काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा. आमचा गॅरेजातला पोरगा माझ्याकडे रोज चौकशी करतो, "दादा, ते लॉगिन आपल्याला कुठे मिळतं?" त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे अजून काही नाही.